मुद्रकाची ओळ

पुढारी सगळे सारखेच, असं मी म्हणायचो
एरंडोल नाक्यावर, दुसरा कप संपायच्या आत.
म्हणायचा मला हक्कही होता :
चारही पक्षांची पत्रकं माझ्याच ट्रेडलवर निघत.
एकाचा 'विकास' सोडायचो
आणि त्याच खिळ्यांनी दुसऱ्याचा जुळवायचो,
मधे शाईसुद्धा पुसत नव्हतो.

कायदा एवढाच की पत्रकाच्या तळाला
बारीक टायपात मुद्रकाचं नाव, पत्ता, किती प्रती.
नवं पोरगं कामाला आलं की आधी ती ओळ शिकवायचो.
"वरचं त्यांचं, खालचं आपलं," म्हणायचो.
ऐकायला बरं वाटायचं, मलाच.

नगरपालिकेच्या त्या इलेक्शनला
आठ नंबर वॉर्डातून सुमन भोई उभी राहिली.
किल्ल्याच्या खंदकाजवळ तिची फुटाण्याची भट्टी.
तिने फक्त गटारीच्या बिलाची नक्कल मागितली होती.
कागदावरची गटार दोनशे मीटर,
जमिनीवरची तिच्या भट्टीपाशी येऊन संपलेली.

रात्री साडेअकराला हिंमतआबा आला.
वहीच्या पानावर सात ओळी.
गटारीबद्दल एकही नाही.
सातही ओळी तिच्या घरी रात्री कोण येतं याच्या.
"आण्णा, खाले तुनं नाव नको टाकजो."
आणि तिप्पट पैसे, रोख.
मी मोजले. परत मोजले.
दोन हजार प्रती, पोटरीत गोळा येईपर्यंत.
बायको दारात येऊन म्हणाली, एवढ्या रात्री काय छापताय?
म्हणालो, लग्नपत्रिका.

ती एक्केचाळीस मतांनी पडली.
ते सोडा, पडतात माणसं.
निकालानंतर चौथ्या दिवशी ती प्रेसमध्ये आली.
एका हातात तिच्या पोरीची पत्रिका,
मीच छापलेली, मागच्या वैशाखात.
दुसऱ्या हातात ते पत्रक, तेलकट,
कुणीतरी भजी खाऊन फेकलेलं.
दोन्हींवर तिने एकाच शब्दावर बोट ठेवलं :
पारोळा.
माझ्या केसमधल्या 'ळ'ची शेपटी तुटकी होती.
जळगावहून नवा आणायचं दहा वर्षं राहून गेलं होतं.
"हाऊ ळ तुमनाच ना, आण्णा?"

मी म्हणालो, गावात प्रेस तीन आहेत.

तिने शिवी दिली असती तर
मी वरचढ आवाजात काहीतरी बोललो असतो.
तिने पत्रिका घडी घालून पदरात बांधली,
पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं, वर पेपरवेटही ठेवला,
उडू नये म्हणून.
पाडव्याच्या आत भट्टी विझली. सुरतेला गेली म्हणतात.
गटार अजून तिथेच संपते.

ट्रेडल किलोवर विकलं, त्यालाही वर्षं झाली.
भाचा आता अंगठ्याने दिवसाला वीस पत्रकं
गावभर पाठवतो, तळाला कुणाचंच नाव नसतं.
मी ओरडलो की म्हणतो, "मामा, मी कुठं लिहिलं?
मी तर नुसतं पुढं ढकललं."
मग मला जेवताना घास फिरतो.
मीही कुठे लिहिलं होतं?

तुम्ही माझं मत विचाराल, आणि विचारू नका,
तरी सांगतो : राजकारण वर बसलेले घाण करतात
हे खरंच आहे, मी त्यांची हस्ताक्षरं पाहिली आहेत.
पण घाण पायाने चालत नाही.
तिला कुणीतरी जुळवावं लागतं, उलट्या अक्षरांत, ओळीओळीने,
आणि जुळवणारा माणूस सकाळी नाक्यावर जाऊन
पुढारी सगळे सारखेच म्हणतो.
'सगळे' म्हणताना हल्ली माझी जीभ
त्या मोडक्या ळवर अडते.

हा मजकूर मी हाताने जुळवलाय,
खिळे तेवढे विकले नव्हते.

मुद्रक : वसंत दगडू शिंपी,
दर्जी गल्ली, पारोळा.
प्रती : एक.

ती द्यायची राहिली आहे.
उधन्याला कुठेतरी तिची पोरगी असते,
पत्ता काढता येईल.
सुरतेची गाडी सकाळी सहाला सुटते,
आणि मला जाग तर चारलाच येते.